सूज उतरली तेव्हा

माझा नवरा गेला त्याला आता वर्ष होत आलं. काय झालं होतं, असं कुणी विचारलं की मी 'प्रोस्टेटचा कॅन्सर' एवढं सांगून मोकळी होते. समोरचा मान हलवतो, वाईट झालं म्हणतो आणि विषय संपतो. पण तेवढंच झालं नव्हतं. जे झालं ते सांगायला वेळ लागतो आणि सांगताना मला राग येतो, म्हणून तोंडी सांगायचं मी सोडून दिलं आहे. लिहिताना निदान आवाज चढत नाही.

हे चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. लातूरकडून मिसरूड फुटायच्या वयात इकडे आले, भोसरीतल्या लहानसहान वर्कशॉपमध्ये हात काळे केले आणि चाकणला कंपन्या उभ्या राहिल्या तसे तिकडे गेले. मी सांगवीच्या एका शाळेत मराठी शिकवते. घर रहाटणीत, त्यामुळे सकाळी ते एका दिशेला आणि मी दुसऱ्या. त्यांचं काम सांगायला सोपं होतं. तयार होऊन आलेला भाग मोजायचा, मापात बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर बाजूला काढायचा. आणि बाजूला काढलेला का बिघडला ते शोधायचं. ह्या शोधण्याला त्यांच्याकडे 'वाय-वाय' म्हणतात. बिघाड का झाला? अमुक कारणाने. ते कारण का घडलं? तमुक कारणाने. असं 'का, का' विचारत मुळाशी जायचं, मुळावर उपाय करायचा आणि मुद्दा बंद करायचा.

आमच्या घरात दूध उतू गेलं तरी त्याचं वाय-वाय व्हायचं. मी म्हणायचे, अहो, दूध उतू गेलं कारण तुम्ही मला हाक मारलीत आणि तुम्ही हाक मारलीत कारण तुम्हाला स्वतःचा रुमाल सापडत नाही. झालं का मुळाशी जाऊन? ते हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी रुमालांसाठी दाराजवळ खिळा ठोकलेला असायचा. माणूस असा होता. एखादी अडचण समोर आली की तिला नुसती अडचण म्हणून घरात राहू द्यायचा नाही.

कंपनी दर वर्षी पन्नाशी उलटलेल्यांचं रक्त तपासते. त्या वर्षी त्या तपासण्यांत प्रोस्टेटसाठीच्या पीएसएची भर पडली. त्याआधी काही आठवडे ह्यांना बारीक ताप येत होता, लघवीला जळजळ होत होती. ऑक्टोबरच्या उन्हाचं आहे म्हणून सब्जा घातलेलं पाणी पीत होते. मी डॉक्टरकडे चला म्हटलं की शनिवारी जाऊ म्हणायचे, आणि त्यांचा शनिवार कधी उजाडायचा नाही. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी त्यांनी तो रिकाम्या डब्याशेजारी ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, दोन मापं बाहेर गेली आहेत. एक सीआरपी, दुसरं पीएसए. पहिल्याचं नाव मी ऐकलं होतं, दुसऱ्याचं नाही. शाळेतल्या एका बाईंच्या सासऱ्यांचा पीएसए असाच वाढला होता आणि कॅन्सर निघाला होता, एवढं दुसऱ्या दिवशी कळलं आणि माझं त्या दिवशीच्या तासांवरून लक्ष उडालं.

वाकडला एक डॉक्टर आहेत, लघवीच्या आणि प्रोस्टेटच्या आजारांचे. वयाने आमच्या जावयाएवढे, पण घाई न करता बोलणारे. त्यांनी समजावलं ते मला आजही जवळजवळ पाठ आहे. पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नसतं. प्रोस्टेटची ग्रंथी वयाबरोबर मोठी होते, तिला जंतुसंसर्ग होतो, सूज येते, आणि ह्या सगळ्यांनी तो आकडा चढतो. सीआरपीचं वेगळं. शरीरात कुठेतरी सूज आहे, एवढंच तो सांगतो. "समजा तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी भांडतंय," ते म्हणाले, "आवाज खालपर्यंत येतो. पण कुठल्या फ्लॅटमध्ये भांडतायत, ते त्या आवाजावरून कळत नाही." ह्यांच्या लघवीत जंतू सापडले होते. तेव्हा आधी संसर्गाची औषधं पूर्ण घ्यायची, मग सहा-आठ आठवड्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करायच्या. दोन्ही आकडे खाली आले तर उत्तम. सीआरपी उतरला आणि पीएसए रेंगाळला, तर पुढचं बघावं लागेल.

पुढचं म्हणजे काय, मी विचारलं. एमआरआय, आणि गरज वाटली तर बायोप्सी. बायोप्सी शब्द आला तेव्हा हे खिडकीतून बाहेर उड्डाणपुलाकडे बघायला लागले.

ते का बघायला लागले, हे मला माहीत होतं. त्यांच्या कंपनीत मशीन शॉपमध्ये एकजण होता. त्याची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली, बरा होऊन कामावर आला, पण सुरुवातीचे काही महिने त्याला लघवी धरवत नव्हती. कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची सीट मोकळी राहायची. पोरांनी त्याला एक नावही ठेवलं होतं, ते मी इथे लिहीत नाही. हे घरी येऊन आधी हसत हसत ते सगळं सांगायचे. मग एक दिवस सांगायचे थांबले, आणि त्या माणसाशेजारी आपण बसतो, एवढंच एकदा म्हणाले. तो माणूस पुढे ठणठणीत झाला, आजही आहे. पण ह्यांच्या डोक्यात ती मोकळी सीट राहिली होती.

माझ्याकडे संध्याकाळी सोसायटीतली मुलं शिकवणीला येतात. त्यांच्यासाठी हॉलमध्ये एक फळा लावला आहे. डॉक्टरकडून आल्यावर ह्यांनी तो पुसला आणि त्यावर वाय-वाय मांडलं. पीएसए का वाढला? सूज आली म्हणून. सूज का आली? संसर्ग झाला म्हणून. संसर्ग का झाला? लघवी तुंबवून ठेवतो म्हणून. का तुंबवतो? तपासणीचं टेबल सोडून जायला बदली माणूस नसतो म्हणून. का नसतो? आपण कधी मागितला नाही म्हणून. बाजूला एक फाटा काढून त्यांनी मोटरसायकलची टणक सीट आणि मोशीपासून चाकणपर्यंतचे खड्डेही घेतले. मी म्हटलं, ह्यात बायकोचं ऐकलं नाही हे कितव्या 'का'मध्ये बसतं? त्यांनी खडू माझ्या हातात दिला, तूच लिही म्हणाले.

उपाय सुरू झाले. मोटरसायकल पार्किंगमध्ये धूळ खायला लागली, हे काळेवाडी फाट्यावरून कंपनीच्या बसने जायला लागले. टेबलावर बदली माणूस मागून घेतला. पाण्याची मोठी बाटली आली. औषधं अशी वेळेवर घेतली की मला एकदाही आठवण करावी लागली नाही. दीड-दोन महिन्यांत ताप गेला, जळजळ गेली, तोंडाला चव आली. आणि दुसऱ्यांदा रक्त दिलं तेव्हा सीआरपी अगदी मापात आला होता, पीएसए पहिल्याच्या निम्म्यावर.

त्या दिवशी ते पेढे घेऊन आले. कंपनीतही वाटले. तिथे सगळ्यांनी एकमताने सांगितलं होतं, सर, ट्रेंड खाली आहे, कारण बरोबर धरलंत तुम्ही. मीही देवापुढे पेढा ठेवला. त्या क्षणी आम्ही जेवढे आनंदात होतो तेवढे मुलीच्या लग्नातही नव्हतो, लग्नात निदान जेवण कमी पडेल याची धास्ती होती.

डॉक्टरांनी पेढा घेतला, तोंडात टाकला, पण रिपोर्टवरची नजर काढली नाही. ते म्हणाले, सुजेमुळे चढलेला भाग उतरला, हे चांगलं झालं. पण आकडा अजून तुमच्या वयाच्या मानाने जास्तच आहे. उरलेला कशाचा आहे ते बघायला हवं, एमआरआय करून घेऊ. ह्यांनी विचारलं, सूज गेल्यावर पीएसए पूर्ण खाली यायला वेळ लागतो का? डॉक्टर खरं बोलणारे होते. म्हणाले, लागतो कधीकधी, काहींना काही महिनेही लागतात, पण त्या आशेवर थांबू नका. ह्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग ह्यांनी तिथेच, त्या खुर्चीवर सोडला आणि पहिला अर्धा घरी आणला.

मी भांडले. माझी जीभ काही मऊ नाही, हे शाळेत, सोसायटीत आणि सासरी सगळ्यांना माहीत आहे. एमआरआयची वेळ मी स्वतः घेतली. त्या आठवड्यात त्यांच्याकडे मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं. पुन्हा वेळ घेतली, तर गिऱ्हाइकाकडून माल परत आला होता. मी म्हटलं, कंपनीतला माल परत आला तर तुम्ही रात्रंदिवस एक करता आणि स्वतःचा रिपोर्ट परत आला तर पेढे वाटता. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडण तरी पुढे गेलं असतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अगं, कशाला जीव खालीवर करायलीस? कारण सापडलंय की. कारण ताब्यात ठेवलं तर परिणाम जातोय कुठं?"

आणि मग त्यांनी जे केलं, ते जन्म तपासणी खात्यात काढलेला माणूसच करू जाणे. त्यांच्याकडे अशी पद्धत आहे की, मूळ कारण एकदा सापडलं की दर वेळी तयार मालच मोजत बसायचं नाही. ज्या गोष्टीमुळे बिघाड होत होता तीच नियमाने मोजायची. ती हद्दीत राहिली, तर माल चांगलाच निघणार. म्हणून ह्यांनी दर महिन्याला सीआरपी करायला सुरुवात केली. फक्त सीआरपी. ती तपासणी स्वस्त, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होणारी. रविवारी सकाळी पोह्यांच्या आधी जाऊन रक्त देऊन यायचे. आलेख काढायच्या कागदावर वर तांबडी रेघ आणि खाली दर महिन्याचा एक हिरवा ठिपका, असा तक्ता त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. ठिपका दर महिन्याला रेघेच्या खाली, अगदी खाली यायचा. इस्त्रीचा शर्ट काढायला दार उघडलं की त्यांना तो दिसायचा आणि शीळ घालत ते तयार व्हायचे.

पीएसए त्यांनी केला नाही. मी विचारलं की म्हणायचे, तो नंतर, तो तर आता खाली असणारच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं मी तेव्हा म्हटलं नाही, कारण बंब कुठे चालला आहे ते मलाही कळलं नव्हतं. दर महिन्याला रिपोर्ट येत होता, दर महिन्याला तो चांगला होता. डॉक्टरकडे जात नाहीत म्हणावं, तर हा माणूस रक्त तपासून घेत होता, पाणी पीत होता, हळदीचं दूध घेत होता. निष्काळजी म्हणायला कुठे जागाच ठेवली नव्हती त्यांनी. आजूबाजूचे नवरे बघा, छातीत दुखलं तरी गॅस म्हणतात. माझा तर तक्ता काढत होता. मी मैत्रिणींना ते कौतुकाने सांगितलं आहे.

आता मला कळतं की तो तक्ता भीतीने काढलेला होता. इतक्या शिस्तीची, इतक्या सुबक अक्षरातली भीती मी आधी पाहिली नव्हती, म्हणून ओळखू आली नाही. सीआरपी वाईट आला असता तर गोळ्या होत्या. पीएसए वाईट आला असता तर ती बायोप्सी होती आणि बसमधली ती मोकळी सीट होती. ज्याला उत्तर होतं तेच ते मोजत राहिले.

पुढच्या थंडीत त्यांची कंबर दुखायला लागली. गादी जुनी झाली आहे असं ठरलं. त्याचंही वाय-वाय झालं असणार, पण फळ्यावर आलं नाही. काळेवाडीतून नवीन गादी आणली, ती दोघं धरून जिना चढत होतो आणि मध्येच ते पायरीवर बसले. मी हसले, म्हटलं झालात म्हातारे. ते म्हणाले, थांब जरा, आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मार्चमध्ये बसच्या पायरीवर पाय उचलेना. तेव्हा चिंचवडला हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी एक्स-रे बघितला, एक बोट काचेवर ठेवलं आणि विचारलं, पीएसए शेवटचा कधी केला होता? ह्यांनी मोबाइलमधला सीआरपी दाखवला. हा नाही, डॉक्टर म्हणाले, मी पीएसए विचारतोय.

पीएसएसाठी रक्त दिलं. लॅबमधून फोन आला तो रिपोर्टचा नव्हता, विनंतीचा होता. आकडा एवढा मोठा येतोय की एकदा पुन्हा रक्त घेऊन खात्री करतो, म्हणाले. ह्यांना ते पटलं. असंच करायला पाहिजे, माप अचाट आलं तर आधी यंत्र तपासायचं, असं मला समजावून सांगत ते पुन्हा बाही वर करून बसले. यंत्र बरोबर होतं.

वाकडच्या डॉक्टरांसमोर आम्ही पुन्हा बसलो तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. हाडांचा स्कॅन, बायोप्सी, सगळं झालं होतं. ज्या बायोप्सीला एवढे घाबरले ती आटोपून ते दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या मुलांचे पाढे घेत होते. कमरेच्या मणक्यात आणि खुब्यात पसरलं होतं. ह्यांनी बॅगेतून घडी न घालता जपून आणलेला तक्ता काढला आणि टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो नीट बघितला. एक शब्द रागाचा बोलले नाहीत, त्यांच्या जागी मी असते तर फाडून टाकला असता.

"म्हणजे सूज होती ना?" ह्यांनी विचारलं.

"होती. तुम्ही धरलेलं कारण खोटं नव्हतं."

"आणि हेही होतं?"

"हेही होतं. तेव्हाच होतं. सूज उतरली, हे राहिलं. ह्याने सीआरपी वाढलाच पाहिजे असं नसतं, म्हणून ह्या तक्त्यात ते दिसलं नाही."

ह्यांनी तक्ता आपल्याकडे ओढून घेतला. मग विचारलं, तेव्हाच एमआरआय केला असता तर? डॉक्टर म्हणाले, तेव्हाचं आता कुणालाच नक्की सांगता येणार नाही. पण ते बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे नाही, आणि मला उत्तर कळलं. परत येताना रिक्षात ह्यांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात रस्त्यावर माझा हात धरलेला मला आठवत नाही. म्हणाले, "मीच कंपनीत पोरांना शिकवायलो, एक कारण सापडलं म्हणून थांबू नका, दुसरं त्याच्याच मागं दडून असतंय." मला त्यांना मारावंसं वाटलं आणि पोटाशीही धरावंसं वाटलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, म्हणून दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

उपचार चालू झाले. महिन्या-दोन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन, रोजच्या गोळ्या. ह्या इंजेक्शनाने पुरुषपणाचं संप्रेरक बंद करतात, त्यामुळे ह्यांना अंगातून वाफा यायला लागल्या. बसल्या बसल्या घामाघूम व्हायचे, पंखा फुल करायचे, पाच मिनिटांनी पांघरूण मागायचे. मी पन्नाशीत हे सगळं काढलं तेव्हा त्यांनी मला हवेचा दोष सांगितला होता. आता मी शेजारी बसून वर्तमानपत्राने वारा घालत म्हणायचे, कळलं का आता? ते म्हणायचे, कळलं, माफी. ते दिवस, खरं सांगते, वाईट नव्हते. दुखणं कमी झालं. ते शिकवणीच्या मुलांना गणित शिकवायला लागले. संध्याकाळी आम्ही पिंपळे सौदागरपर्यंत चालत जायचो, वाटेत उसाचा रस प्यायचो. पीएसए घसरत घसरत नाहीसाच झाला म्हणावं इतका खाली आला.

ते पाहून त्यांचे डोळे परत चमकले होते. डॉक्टरांनी सांगितलं, हा औषधाने दाबलेला आकडा आहे, आजार झोपला आहे, गेलेला नाही. कधीतरी उठेल. ह्यांनी ह्या वेळी वाक्य पूर्ण ऐकलं. घरी आल्यावर म्हणाले, ह्यापुढे रिपोर्ट माझ्या मोबाइलवर नको, तुझ्यावर घे. मला फक्त तोंडी सांगत जा. मी म्हटलं, अहो, छापील कागद बघितल्याशिवाय विजेच्या बिलावरही विश्वास न ठेवणारे तुम्ही. ते म्हणाले, आता तू बघ. तेव्हापासून आकडा मी सांगायचे आणि ते माझ्याकडून मोबाइल मागून घ्यायचे, चष्मा लावून स्वतः वाचायचे, मग परत द्यायचे. तोंडी सांग म्हणाले होते तरी सवय कुठे जाते. प्रत्येक वेळी घ्यायचे.

आमच्या मुलीला तेव्हा सातवा महिना लागला होता. ती नाशिकला असते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी राहिलं होतं, आणि डॉक्टरांनी तिला जपायला सांगितलं होतं. ती रोज संध्याकाळी बापाला फोन करायची. त्यांच्यात मी नसायचे. डोहाळजेवणाला नाशिकला जायचं ह्यांनी मनात घेतलं होतं, बसायला मऊ गादी टाकून गाडी करू, असं ते मला रोज एकदा सांगायचे.

रिपोर्ट आला तेव्हा मी शाळेत होते, सातवीचा वर्ग चालू होता. मुलांना वाक्प्रचार वहीत लिहायला दिले आणि बाकावर बसून मोबाइल उघडला. पीएसए उठला होता. थोडा नाही, मागच्या वेळेच्या कितीतरी पट. सोबत काळजीने केलेला सीआरपीही होता, तो मापात होता. त्या मापातल्या आकड्याचा मला जेवढा संताप आला तेवढा वर चढलेल्याचा आला नाही. मुलांनी वहीत काय लिहिलं ते मी तपासलंच नाही, सगळ्यांना बरोबर दिलं. शाळा सुटल्यावर सांगवीच्या पुलावर गाडी कडेला लावून रडून घेतलं. एका बाईने थांबून विचारलं, मॅडम, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, धूळ गेली.

घरी आले तर हे गॅलरीत मटार सोलत बसले होते. रहाटणीत संध्याकाळी समोरच्या बिल्डिंगच्या मागे ऊन जातं, ते तेवढ्यात जेमतेम त्यांच्या गुडघ्यांवर होतं. गुडघे किती बारीक झाले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, आला का? आला म्हटलं. कसा आहे?

मी म्हटलं, "खाली आहे. मागच्यापेक्षाही थोडा खालीच."

"किती?"

मी एक आकडा सांगितला. तिथेच उभ्या उभ्या, ओढणी काढत, दशांश चिन्हासकट. ह्यांच्याशी मी आयुष्यात हजार गोष्टींवरून भांडले असेन, पण त्यांना खोटं माप कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. मी मोबाइल पर्समध्ये धरून उभी होते, आता हात पुढे येईल, चष्मा मागतील, म्हणून. हात आला नाही. त्यांनी दुसरी शेंग घेतली आणि म्हणाले, बरं झालं. मग माझ्याकडे वर बघितलं. माझे डोळे कसे दिसत असतील ते मला माहीत होतं. ते बघत राहिले आणि त्यांचा चेहरा इतका मऊ झाला की मला तिथून आत जावंसं वाटलं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. रोजच्यासारखाच. त्यांनी हात लुंगीला पुसले आणि फोन घेतला. तिने पहिल्यांदा तेच विचारलं असणार, कारण ते लगेच म्हणाले, आला की, आत्ताच आला. आणि मी सांगितलेला तो आकडा, दशांश चिन्हासकट, त्यांनी तिला सांगितला. आवाज खणखणीत होता. खाली आहे बाळा, मागच्यापेक्षाही खाली, तुझ्या आईने स्वतः बघितलाय. हे सगळं ते माझ्याकडे बघत बोलत होते.